1 जुलैच्या आधी: सेवा क्लबची वर्षाची उद्दिष्टं कशी ठरवावीत

नियोजित अध्यक्ष म्हणून नाव जाहीर झालं की अभिनंदनाचे फोन येतात, सत्कार होतो आणि मग काही महिने कुणी काही विचारत नाही. वर्षाची बांधणी होते ती याच महिन्यांत. रोटरी आणि लायन्स या दोन्हींचं वर्ष 1 जुलैला सुरू होऊन 30 जूनला संपतं, जेसीआय या तरुणांच्या संघटनेचं जानेवारी ते डिसेंबर चालतं. वर्ष कोणतंही असो, पदग्रहणाच्या दिवशी अध्यक्षपदाची कॉलर गळ्यात पडते तेव्हा पहिलं काम कुठे, कुणासाठी, कुणाच्या हातून आणि कुठल्या पैशातून होणार हे कागदावर लिहिलेलं असायला हवं. नसलं, तर जुलै स्वागत-सत्कारात जातो, पुढचे दोन महिने गणपती-नवरात्रात, मग दिवाळी येते, आणि डिसेंबर उजाडला तरी क्लबचं वर्ष सुरूच झालेलं नसतं.

हा लेख पहिल्यांदा अध्यक्ष, सचिव किंवा प्रकल्पप्रमुख होणाऱ्यांसाठी आहे. तालुक्याच्या गावातला तीस-चाळीस सदस्यांचा रोटरी क्लब मी डोळ्यांपुढे धरला आहे. लायन्सचा क्लब असो, महिला मंडळ असो की गावातलं सेवाभावी मंडळ, नावं बदलतील, काम तेच राहील.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. उद्दिष्टं क्लबची असतात, अध्यक्षाची नव्हे. दरवर्षी नेतृत्व बदलतं हे आपल्या संघटनांचं बळ आहे, नव्या माणसाला संधी मिळते, कुणाची मक्तेदारी होत नाही. पण त्याच कारणाने दर जुलैला जुनं काम सोडून नवं बॅनर लावायचा मोह होतो. रोटरीने जगातून पोलिओ घालवण्याचं काम 1985 मध्ये हाती घेतलं. भारतातला शेवटचा रुग्ण सापडला 13 जानेवारी 2011 रोजी, पश्चिम बंगालमधल्या हावड्यात, आणि देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं 27 मार्च 2014 रोजी. या काळात रोटरीचे जवळपास तीस जागतिक अध्यक्ष बदलले. प्रत्येकाने आपली वेगळी मोहीम काढली असती तर आपल्या गावातल्या बूथवर रविवारी सकाळी डोस पाजायला बसलेल्या सदस्यांच्या कष्टांना ते फळ आलं नसतं.

पहिली पायरी: मागची तीन वर्षं वाचा

फेब्रुवारी-मार्चमध्ये मागच्या तीन वर्षांचे अहवाल, बोर्डाची इतिवृत्तं आणि जमाखर्च मागून घ्या. अहवालात झालेले कार्यक्रम असतात. तुम्हाला शोधायचं आहे ते अहवालात नसलेलं. दोन वर्षांपूर्वी शाळेला दिलेला पाण्याचा फिल्टर आज चालू आहे का? लावलेल्या झाडांपैकी किती उभी आहेत? शिलाई मशीन दिलेल्या बायकांपैकी किती जणी त्यावर काही कमावतात? जाऊन बघा, फोनवर विचारू नका. जाताना त्या वर्षीच्या अध्यक्षांना बरोबर घ्या. आपलं काम कुणीतरी परत पाहायला आलं याचा त्यांना आनंदच होतो, आणि त्या फेरीत जे कळतं ते कुठल्याही प्रशिक्षणात कळत नाही.

फेरीवरून आल्यावर तीन याद्या करा: चालू ठेवायचं, दुरुस्त करायचं, सन्मानाने थांबवायचं. तिसरी यादी करताना हात जड होतो, कारण प्रत्येक उपक्रमामागे एखाद्या ज्येष्ठ सदस्याचा जीव अडकलेला असतो. त्यांच्याशी आधी एकट्याने बोला. भर सभेत विषय निघाला तर माणूस दुखावतो आणि उपक्रमही बंद होत नाही.

दुसरी पायरी: गावाला विचारा

क्लबमध्ये बसून गरज ठरवली की तीच ती कामं निघतात: वह्यावाटप, फळवाटप, एका दिवसाचं तपासणी शिबिर. यातलं काहीही वाईट नाही. पण गरज प्रत्येक भागाची निराळी असते. नंदुरबार-गडचिरोलीत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा प्रश्न आहे. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यातलं फ्लोराइड हाडं-दात बिघडवतं. बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं ऐन शाळेच्या दिवसांत गाव सोडतात. पुण्या-मुंबईच्या उपनगरांत एकटे राहणारे म्हातारे आईवडील आहेत. दुसऱ्या क्लबने पारितोषिक मिळवलं म्हणून तोच प्रकल्प आपल्या गावाला लागू पडतोच असं नाही.

विचारायचं कुणाला? आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्यापासून सुरुवात करा. कुठल्या वस्तीत कुणाच्या घरी काय चाललं आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मग ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक, दोन-तीन जिल्हा परिषद शाळांचे मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी, ग्रामसेवक किंवा नगरपरिषदेचे आरोग्य निरीक्षक. प्रत्येकाला तीनच प्रश्न: सगळ्यात जास्त अडतं कुठे? सरकारी योजना असूनही कुठे पोचत नाही? आणि आम्ही काय केलं तर तुमचं काम वाढेल? तिसरा प्रश्न विसरू नका. शिबिराच्या नावाखाली शाळेचा एक दिवस गेला, रुग्णालयातल्या परिचारिकेला रविवारी यावं लागलं, हे आपल्या अहवालात येत नाही, पण त्यांच्या लक्षात राहतं.

आणि ज्यांच्यासाठी करायचं त्यांनाही विचारा. मुलींसाठी स्वच्छतागृह बांधायचं असेल तर मुलींशी बोलायला क्लबमधल्या महिला सदस्यांना किंवा इनरव्हील या रोटरीशी जोडलेल्या महिला संघटनेच्या भगिनींना पाठवा. दाराला आतून कडी नाही, पाणी बाहेरून आणावं लागतं, खिडकी मैदानाकडे उघडते, अशा गोष्टी तिथेच कळतात. इमारत असूनही मुली ती वापरत नाहीत याचं कारण बहुतेक वेळा अशाच एखाद्या लहान गोष्टीत असतं.

तिसरी पायरी: आपलं बळ मोजा

समजा क्लबात 40 सदस्य आहेत. चाळीसही जण प्रकल्पावर येतील असं धरून आखणी केली की वर्ष बिघडतं. मागच्या वर्षाची हजेरी बघून नियमित येणारे मोजा. समजा 15 निघाले, आणि प्रत्येक जण महिन्याला 4 तास देऊ शकतो. सण-लग्नसराईचे दोन महिने सोडले तर 15 गुणिले 4 गुणिले 10 म्हणजे वर्षाचे 600 तास. हेच तुमचं खरं भांडवल. एका रक्तदान शिबिराला आठ माणसं सात-सात तास उभी राहिली की 56 तास गेले, आधीची धावपळ धरली तर ऐंशी-नव्वद. म्हणजे अशी सहा-सात कामं केली की वर्ष भरलं. मासिक सभा, पाहुणे, अहवाल यांचा वेळ अजून धरलेलाच नाही.

हा हिशोब फळ्यावर मांडून दाखवा. पंचवीस प्रकल्पांची यादी आपोआप सहा-सातवर येते, आणि कुणाचा प्रकल्प गाळला म्हणून कुणी रागावत नाही, कारण तो अध्यक्षाने गाळलेला नसतो, तासांनी गाळलेला असतो.

याच वेळी सदस्य काय-काय करतात तेही लिहून काढा. रोटरीत व्यवसायसेवा हा सेवेचा स्वतंत्र मार्ग मानला आहे. क्लबात दंतवैद्य, सनदी लेखापाल, ट्रॅक्टरचे विक्रेते, शिक्षक, वकील, बांधकाम व्यावसायिक असतात. देणगी देणाऱ्या सीएपेक्षा बचत गटाच्या बायकांना हिशोब शिकवायला महिन्यातून एकदा बसणारा सीए गावाला जास्त देऊन जातो, असं माझं ठाम मत आहे.

चौथी पायरी: उद्दिष्ट नीट लिहा

“पर्यावरणासाठी काम करणे” हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा आहे. प्रत्येक उद्दिष्टाच्या कागदावर सहा गोष्टी हव्यात: काय, कुणासाठी, किती, कधीपर्यंत, कोण जबाबदार, आणि झालं हे कसं तपासणार. शेवटच्या गोष्टीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. त्याची दोन उदाहरणं सविस्तर देतो, कारण ही दोन कामं जवळजवळ प्रत्येक क्लब करतो.

पहिलं रक्तदान. नेहमीचं उद्दिष्ट असतं “15 ऑगस्टला महाशिबिर, 200 बाटल्या”. आता रक्तपेढीच्या बाजूने पाहा. तांबड्या पेशी पिशवीतल्या द्रावणानुसार 35 किंवा 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स फक्त 5 दिवस. एकाच दिवशी गावोगाव शिबिरं झाली की पेढीत रक्त जास्त होतं, आणि एप्रिल-मे महिन्यांत, महाविद्यालयं बंद आणि लोक गावाला गेलेले असताना, नातेवाईक पिशवीसाठी वणवण फिरतात. पुरुषाला 90 दिवसांनी आणि स्त्रीला 120 दिवसांनी पुन्हा रक्त देता येतं. म्हणून उद्दिष्ट असं लिहा: वर्षात 50-50 पिशव्यांची चार शिबिरं, त्यातलं एक मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, तारखा रक्तपेढीला विचारून. शिवाय गटवार दात्यांची यादी, तिची जबाबदारी एका सदस्याकडे, आणि वर्षअखेरीस मोजायचं काय, तर दुसऱ्यांदा रक्त द्यायला आलेले दाते किती. बाटल्या तेवढ्याच होतात. फरक पडतो तो मेमध्ये दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला.

हिमोग्लोबिन 12.5 पेक्षा कमी म्हणून परत पाठवलेल्या मुलींची संख्याही लिहून ठेवा. बऱ्याच ठिकाणी हा आकडाच पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट देऊन जातो: महाविद्यालयात रक्तक्षयाची तपासणी, आहाराचं मार्गदर्शन आणि तीन महिन्यांनी फेरतपासणी.

दुसरं वृक्षारोपण. 500 रोपं लावणं एका सकाळचं काम आहे, जगवणं तीन उन्हाळ्यांचं. एका रोपाला उन्हाळ्यात आठवड्याला दहा लिटर पाणी धरलं, तरी 500 रोपांना दर आठवड्याला 5,000 लिटरचा एक टँकर लागतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत सोळा आठवडे, म्हणजे सोळा टँकर. ते कोण देणार? उत्तर नसेल तर 100 रोपं घ्या. कागदावर लिहा: “नगरपरिषदेच्या अमुक जागेवर कडुनिंब, करंज, जांभूळ, चिंच मिळून 100 रोपं. खड्डे मेमध्ये, लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर. पुढच्या 30 जूनला किमान 80 जिवंत. त्यानंतरच्या 30 जूनला नव्या अध्यक्षांनी पुन्हा मोजायची.” जागा कुणाची आहे याचा सातबारा किंवा नगरपरिषदेचं पत्र आधी हातात घ्या. रस्ता रुंद होणार असेल तर तेही विचारा. शाळेचं आवार असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत फाटकाची किल्ली कुणाकडे असते हेसुद्धा लिहून ठेवायची गोष्ट आहे.

याच नजरेने बाकीची कामं तपासा. मोतीबिंदू शिबिरात तपासलेले डोळे मोजू नका, शस्त्रक्रिया होऊन महिन्यानंतरच्या तपासणीलाही आलेले रुग्ण मोजा. शाळेला डिजिटल संच देणार असाल तर आधी वीजमीटर बघा. बिल थकून जोडणी तुटलेली असेल तर संच कपाटात जाईल. अशा शाळेत बिल कोण भरणार हे ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समितीबरोबर ठरवणं हाच प्रकल्पाचा पहिला टप्पा.

किती उद्दिष्टं असावीत? सेवेची तीन मोठी आणि दोन-तीन छोटी पुरतात. तीन मोठ्यांपैकी एक मागच्या अध्यक्षांच्या वर्षातून आलेलं, एक तुमच्या वर्षात पूर्ण होणारं आणि एक पुढच्या वर्षात जाणारं. त्यासाठी मावळते अध्यक्ष, तुम्ही आणि तुमच्यानंतर येणारे अध्यक्ष अशा तिघांनी एका टेबलाशी बसून चहा घेत यादी ठरवावी. ही बैठक मला साऱ्या प्रक्रियेत सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती झाली तर पुढच्या निम्म्या अडचणी येतच नाहीत.

पाचवी पायरी: आपलं पंचांग बनवा

रोटरी प्रत्येक महिन्याला एक विषय देते. ऑगस्ट सदस्यवाढीचा, सप्टेंबर मूलभूत शिक्षण आणि साक्षरतेचा, नोव्हेंबर रोटरी फाउंडेशनचा, म्हणजे प्रकल्पांना निधी देणाऱ्या रोटरीच्या संस्थेचा, मार्च पाणी आणि स्वच्छतेचा, एप्रिल पर्यावरणाचा. 24 ऑक्टोबर हा जागतिक पोलिओ दिन. हे विषय सगळ्या जगासाठी ठरलेले आहेत. एप्रिलमध्ये आपल्याकडे रोप लावलं तर ते जळतं. त्या महिन्यात लावलेल्या झाडांना पाणी घाला, आळी करा, नव्या खड्ड्यांची जागा आखा. पर्यावरणाचा महिना खऱ्या अर्थाने साजरा होईल.

भिंतीवर बारा महिन्यांचा कागद लावा आणि आधी काय होऊ शकणार नाही ते लिहा. जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात, विदर्भात थोड्या उशिरा. शालेय साहित्य द्यायचं तर शाळा उघडायच्या आठवड्यात, म्हणजे तयारी तुमच्या आधीच्या अध्यक्षांच्या काळात. आषाढी वारी पालखी मार्गावरच्या गावांना पंधरा-वीस दिवस पूर्ण गुंतवते, आणि त्याच दिवसांत पदग्रहण समारंभही येतो. सातारा-सोलापूर भागातल्या क्लबांनी समारंभाची तारीख वारी बघून घ्यावी. गणपतीचे दहा दिवस, नवरात्र, दिवाळी. दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीची कुटुंबं निघतात ती मार्च-एप्रिलमध्ये परततात, त्या गावांत डिसेंबरचं आरोग्य शिबिर म्हणजे रिकाम्या घरांपुढे मांडव. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा, त्या काळात शाळा मिळत नाही आणि लाउडस्पीकर लावणं बरं नाही. निवडणुका जाहीर होण्याची शक्यता असेल तर आचारसंहितेत सरकारी जागा आणि लोकप्रतिनिधींचं व्यासपीठ यावर मर्यादा येतात.

एवढं लिहिल्यावर कागदावर जे मोकळे आठवडे उरतात ते तुमचं वर्ष. माझ्या अनुभवात जुलैचा उत्तरार्ध, ऑगस्टचा पूर्वार्ध, दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर आणि एप्रिल हे खरे कामाचे महिने ठरतात. प्रांतपालांची, म्हणजे अनेक क्लब मिळून होणाऱ्या रोटरी जिल्ह्याच्या प्रमुखांची, अधिकृत भेटही याच कागदावर मांडा. तिच्यासाठी वेगळा देखावा उभारायची गरज नाही. त्या दिवशी चालू असलेल्या कामावर त्यांना घेऊन जा.

सहावी पायरी: पैसा, आणि त्याची निराळी वर्षं

नवख्या कोषाध्यक्षाचा इथे गोंधळ होतो. क्लबचं वर्ष जुलैचं, पण आयकराचं वर्ष एप्रिल ते मार्च. म्हणजे तुमच्या कारकिर्दीत दोन आर्थिक वर्षं येतात आणि 31 मार्चला वही मध्येच बंद करावी लागते. सनदी लेखापालांना मेमध्येच भेटून दोन्ही हिशोब कसे ठेवायचे ते ठरवा.

खाती दोन ठेवा: क्लबच्या चालवण्याचं आणि प्रकल्पांचं. सदस्यांच्या वर्गणीतून सभागृहाचं भाडं, जेवण, रोटरी जिल्ह्याची आणि आंतरराष्ट्रीय वर्गणी. लोकांनी सेवेसाठी दिलेला पैसा प्रकल्पाच्या किंवा ट्रस्टच्या खात्यात, आणि त्यातला एक रुपयाही समारंभावर जाता कामा नये. गावाचा विश्वास याच एका शिस्तीवर टिकतो. रोटरीची आंतरराष्ट्रीय वर्गणी वर्षातून दोनदा, 1 जुलै आणि 1 जानेवारीच्या सदस्यसंख्येवर आकारली जाते. सोडून गेलेल्यांची नावं त्याआधी कमी केली नाहीत तर न येणाऱ्या माणसाचे पैसे क्लब भरतो.

बाहेरून पैसा तीन वाटांनी येतो. स्थानिक देणगीदार ही पहिली वाट. क्लबच्या ट्रस्टकडे आयकर सवलतीची नोंदणी, म्हणजे लोक ज्याला 80जी म्हणतात ती, चालू आहे का ते तपासा. 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर देणगीदाराला ती सवलत मिळत नाही, म्हणून चेक किंवा ऑनलाइन घ्या आणि पॅन क्रमांक त्याच दिवशी लिहून घ्या. दुसरी वाट कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी. त्यासाठी ट्रस्टची केंद्राच्या कंपनी व्यवहार खात्याकडे सीएसआर-1 नोंदणी लागते आणि कामाचा किमान तीन वर्षांचा पूर्वानुभव दाखवावा लागतो. कंपन्यांचं अंदाजपत्रक एप्रिलपासून चालतं, म्हणून नियोजित अध्यक्षाने फेब्रुवारी-मार्चमध्येच भेटावं. जुलैत गेलात तर बहुतेक ठिकाणी “पुढच्या वर्षी या” ऐकावं लागतं.

तिसरी वाट रोटरी फाउंडेशनची. डिस्ट्रिक्ट ग्रँट लहान, स्थानिक कामांसाठी असते, आणि तिचे अर्ज तुमचं वर्ष सुरू व्हायच्या आधी मागवले जातात. ग्लोबल ग्रँटचा प्रकल्प किमान 30,000 डॉलरचा लागतो, परदेशातला भागीदार क्लब लागतो, आणि गावाची गरज कशी तपासली याचा लेखी पुरावा लागतो. दुसऱ्या पायरीत आशाताईंशी केलेलं बोलणं लिहून ठेवलं असेल तर ते इथे उपयोगी पडतं. पहिल्याच वर्षी ग्लोबल ग्रँट पूर्ण करायचं उद्दिष्ट ठेवू नका. भागीदार शोधून अर्ज दाखल करणं हेच एका वर्षाचं पुरेसं उद्दिष्ट आहे.

फाउंडेशनच्या वार्षिक निधीला तुमच्या वर्षात सदस्यांनी दिलेल्या देणगीचा मोठा वाटा तीन वर्षांनी रोटरी जिल्ह्याकडे प्रकल्पांसाठी परत येतो. म्हणजे तुम्ही जमवलेल्या पैशातून तुमच्यानंतरचा तिसरा अध्यक्ष काम करेल, आणि आज तुम्हाला मिळणारा पैसा तीन वर्षांपूर्वीच्या कुणीतरी जमवलेला आहे. सदस्यांना देणगी मागताना हे समजावून सांगा. नुसता आकडा मागण्यापेक्षा लोक याला जास्त मनापासून साथ देतात.

सातवी पायरी: माणसं

“दहा नवे सदस्य” एवढंच लिहू नका. निव्वळ वाढ लिहा. 40 पैकी 6 गेले आणि 10 आले तर वाढ 4 आहे, आणि ते 6 का गेले हा प्रश्न 10 आल्याच्या आनंदापेक्षा मोठा आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आकड्यासाठी घेतलेली माणसं पुढच्या वर्षी टिकत नाहीत. नवे सदस्य ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्या, प्रत्येकाला एक जुना सोबती द्या आणि तीन महिन्यांच्या आत एका प्रकल्पाची छोटी जबाबदारी द्या.

रोटरीने 1989 मध्ये स्त्रियांना सदस्यत्व खुलं केलं, तरी अनेक लहान गावांच्या क्लबांत आजही सभेला बायका मोजक्याच दिसतात. सभा रात्री साडेआठला सुरू होऊन अकराला जेवणाने संपत असेल तर शाळकरी मुलांची आई येणार कशी? सभेची वेळ बदलणं हे सदस्यवाढीचं उद्दिष्ट म्हणून लिहा. बारा ते अठरा वयाच्या मुलांचा इंटरॅक्ट आणि त्यापुढच्या तरुणांचा रोटरॅक्ट गावात असेल तर त्यांच्या अध्यक्षांना उद्दिष्टं ठरवायच्या बैठकीत बसवा, पाण्याच्या बाटल्या वाटायला उभं करू नका.

आठवी पायरी: सर्वांसमोर मांडा, नोंदवा, बघत राहा

मे महिन्यात क्लब असेंब्ली, म्हणजे सगळ्या सदस्यांची नियोजनाची सभा, घ्या. उद्दिष्टांचे कागद आठवडाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. सभेत प्रत्येक उद्दिष्ट अध्यक्षाने नव्हे, ज्याच्या नावावर ते आहे त्या सदस्याने मांडावं. चर्चा होऊ द्या, आकडे कमी करावे लागले तर करा, मग टाळ्यांनी नव्हे, हात वर करून मंजुरी घ्या. मंजूर उद्दिष्टं 1 जुलैच्या आत रोटरी क्लब सेंट्रल या रोटरीच्या ऑनलाइन नोंदवहीत भरा. तिथली यादी लांबलचक आहे आणि सगळीच घ्यायची सक्ती नाही. आधी आपली उद्दिष्टं ठरवा, मग त्यातली कुठली त्या यादीत बसतात ते बघा. उलट क्रमाने गेलात तर क्लबला मानपत्र मिळेल, गावाला काय मिळालं हे सांगता येणार नाही.

दर महिन्याच्या बोर्ड मीटिंगमध्ये पहिली पंधरा मिनिटं फक्त उद्दिष्टांची. प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द: चालू, अडलं, झालं. अडलं असेल तर कशाने आणि कुणी काय करायचं. फोटो, निमंत्रणपत्रिका, पाहुणे हे विषय नंतर.

डिसेंबरअखेरीस पुरा एक तास बसा. अर्धं वर्ष झालेलं असतं, आणि क्लबच्या वार्षिक सभेत पुढच्या पदाधिकाऱ्यांची निवडही याच सुमारास होते, म्हणून नव्यांनाही बोलवा. जे उद्दिष्ट होणार नाही हे दिसतंय ते कमी करा आणि तसं इतिवृत्तात कारणासह लिहा. ज्या उद्दिष्टाचा प्रमुख आजारी पडला किंवा बदली होऊन गेला तिथे लगेच दुसरं नाव घाला. वर्षातली बहुतेक कामं पैशाअभावी अडत नाहीत, प्रमुखाच्या जागी कुणी उभं न राहिल्यामुळे अडतात.

शेवटची पायरी: सोपवणं

एप्रिलपासून एक फाइल तयार करायला घ्या, कागदाची किंवा ड्राइव्हवरची. तिच्यात प्रत्येक उद्दिष्टाचं एक पान: काय ठरलं, काय झालं, किती खर्च, कुणाची परवानगी, कुणाकडे किल्ली, कोणत्या अधिकाऱ्यांना भेटायचं, आणि पुढच्या वर्षात काय करायचं आहे. त्यात मागच्या वर्षांच्या कामांची तपासणीची तारीख घाला: फिल्टर सप्टेंबरमध्ये, झाडं फेब्रुवारी आणि जूनमध्ये, दात्यांची यादी एप्रिलमध्ये. बँकेतल्या सह्या बदलायचे कागद जूनच्या पहिल्या आठवड्यात द्या, नाहीतर नव्या अध्यक्षांचा जुलै बँकेच्या फेऱ्यांत जातो. पासवर्ड, ट्रस्टच्या नोंदणीच्या प्रती आणि सीएंचा पत्ता त्याच फाइलमध्ये.

30 जूनला झाडं मोजायला जाताना नव्या अध्यक्षांना आणि त्यांच्यानंतर येणाऱ्यांनाही सोबत घ्या. मोजणीचा आकडा तिघांच्या सहीने फाइलमध्ये लावा. 1 जुलैला ती फाइल नव्या सचिवांकडे असू द्या आणि तिच्या पहिल्या पानावर त्या आठवड्यात करायचं पहिलं काम लिहिलेलं असू द्या.